पांढरा ससा आणि ‘साठी’ नावाचा शब्द

डुलुथ, रविवार दुपार

अर्डिसताईस, धाकट्या ओर्विनचा नमस्कार. तू बरी असशील, मर्लभावोजींचा गुडघा जिना चढू देत असेल आणि फार्गोची थंडी अजून दाराबाहेरच असेल, असं धरून चालतो. इथे मी खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि काल भर दुपारी माझ्या हातून एक ससा पळाला, तेव्हा ते राहू दे.

मी प्राणिसंग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जायला लागलो हे तुला माहीतच आहे. मला वाटलं होतं, जन्मभर लोकांचे केस कापता कापता बोललो, तेच इथे प्राण्यांसमोर उभं राहून बघायला आलेल्यांशी बोलायचं. (फरक एवढाच, की दुकानातलं गिऱ्हाईक अर्धे केस कापलेले असताना उठून जाऊ शकत नाही. इथलं जातं.) पण आम्हाला शिकवणाऱ्या बेटिनाबाई (वय तिशीच्या आत, हसणं मोजून मापून) यांनी पहिल्याच दिवशी अनुकूलन, मायावरण, अनुकृती, शीतनिद्रा असे शब्द फळ्यावर लिहिले आणि वर बजावलं, की प्राण्यांबद्दल बोलताना ‘साठी’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. साळिंदराला स्वतःच्या रक्षणासाठी काटे आले, असं म्हणायचं नाही. कुणी मागितले नव्हते. ज्यांच्या अंगावर काटे होते ते वाचले, त्यांना पिल्लं झाली, बाकीच्यांना कुणीतरी खाल्लं. ताई, तूच सांग, ‘म्हणून’शिवाय माणूस बोलणार कसा? घरी आरशासमोर सराव केला तर मीच मला तीनदा अडवलं, आणि चौथ्यांदा काय बोलत होतो तेच विसरलो.

काल माझी परीक्षा होती. ऐकायला आपल्या चर्चमधली मंडळी बोलावली होती आणि त्यांच्या पुढे, अर्थातच, थेल्मा ओडेगार्ड. माझ्या वाट्याला आला तो हिवाळ्यात पांढरा होणारा ससा. शब्द होता मायावरण. म्हणजे आजूबाजूच्या रंगात मिसळून न दिसणं. आता दिवस लहान झाले की या सशाचे केस पांढरे होतात, बर्फ पडलेलं असो वा नसो. यंदा बर्फाचा पत्ता नाही. तपकिरी गवताच्या मधोमध तो धुतलेल्या उशीसारखा बसलेला, आणि मी त्याच्याकडे बोट दाखवून सांगतोय, की हा दिसत नाही.

“ओर्विन,” थेल्मा म्हणाली, “न दिसणारा तो हाच का? मला गाडी लावतानाच दिसला होता.”

मंडळी हसली. माझे कान तापले आणि मी आधाराला कुंपणाच्या फाटकावर रेललो. फाटकाची कडी नीट लागलेली नव्हती. (ती तपासणं माझ्याच कामात होतं, हे इतर कुणाला सांगू नकोस.) मी आत पडलो, ससा बाहेर गेला.

गेला म्हणजे चार उड्यांवर जाऊन हिरवळीवर बसला. आपण कुणाला दिसत नाही अशा पूर्ण खात्रीने. “कुणी हलू नका,” बेटिनाबाई हळूच म्हणाल्या आणि जाळी आणायला गेल्या. मला एकच दिसत होतं: वर ससाणा फिरतोय, पलीकडे हमरस्ता आहे आणि या बिचाऱ्याचा सगळा भरवसा त्याच्या अंगावरच्या केसांवर आहे. आणि तेवढ्यात, ताई, बर्फ पडायला लागलं. सरोवराकडून आलं ते जाड, ओलं, थांबायचं नाव न घेणारं. बेटिनाबाई जाळी घेऊन परतल्या तोवर हिरवळ पांढरी आणि ससा नाही. गेला नव्हता, कारण पाऊलखूण नव्हती. फक्त नव्हता. सगळे एकेक पाऊल जपून टाकत होते.

“ते बघ,” थेल्मा कुजबुजली. “दोन काळे ठिपके.” कानांची टोकं. तेवढीच काय ती पांढरी झालेली नव्हती.

जाळी पडली. बेटिनाबाईंनी ससा छातीशी धरून मला विचारलं, “मगाशी सगळ्यांना दिसत होता, आता दिसत नव्हता. काय झालं, सांगा.”

“केस वेळेवर आले,” मी म्हणालो, “बर्फ उशिरा आलं.”

“एकही ‘म्हणून’ नाही,” बाई म्हणाल्या. मग कडीकडे बघून म्हणाल्या, की परीक्षा पुढच्या शनिवारी पुन्हा.

भावोजींना नमस्कार. चिंता करू नकोस, मी दोघांपुरती करतोय.

तुझा,
ओर्विन

ता. क. शनिवारी विषय आहे अस्वल आणि शीतनिद्रा. लहानपणापासून माझं वाक्य तू कधी पुरं होऊ दिलेलं नाहीस. आठवडाभर इथे येऊन राहा, आणि ‘साठी’ म्हटलं की तिथेच तोड.

आणखी एक. परीक्षेचं तसं काही नाही. माझी लोर्ना देवाघरी गेल्यापासून घरात माझं प्रत्येक वाक्य पुरं होतं. त्याचं फार वाईट वाटतं.

शेवटचं. हे वाचून तू फोन उचलशील. उचलू नकोस, बॅग उचल.