निळं पुस्तक राहू दे

चिमणे,

टेबलावर भाषाविज्ञानाची तीन पुस्तकं आहेत. त्यातलं जाडजूड आणि चित्रांचं, अशी दोन वाचनालयात परत कर. निळं राहू दे. त्यात शेवटी उत्तरं दिलीत. घरी एकटीनं शिकायचं तर चुका दाखवायला कोण बसलंय?

निवडण्याआधी प्रत्येकाचा पहिला धडा सोडवून बघणार होते. आज सकाळी निळं उघडलं, तर सगळे प्रश्न पेन्सिलनं सोडवलेले. वाचनालयाच्या पुस्तकात कुणी लिहून ठेवलं म्हणून चांगलीच तडकले. मग नीट पाहिलं. अक्षर माझंच गं, आणि खाली तारीख परवाची.

मला काही म्हणजे काही आठवत नाही. डॉक्टरीणबाईंकडे चाललेय, बाबांना एवढ्यात सांगू नकोस. कॉलेज सुटलं की थेट दवाखान्यात मला न्यायला ये. घरचा पत्ता हातावर लिहून घेतलाय.

आई