आवक क्रमांक एकेचाळीस

४ जानेवारी, सकाळी

ही जाऊन आज एकवीस दिवस झाले. नातेवाईक परतले. घर आवरलं.

निर्णय घेतला आहे. हिचा वर्ग मी चालवणार. मागच्या वस्तीतल्या भंगार वेचणाऱ्यांची सतरा मुलं चार वर्षं रोज पाच वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत येत होती. मी त्या वेळी आतल्या खोलीत दार लावून बसायचो. गोंगाट फार. पण काम चांगलं होतं, हे मी कधी नाकारलं नाही. तिला तसं सांगायचं राहिलं. माहीत असणारच.

हिचं कपाट तपासलं. चार वर्षांत एक कागद नाही. हजेरीपट नाही, प्रवेश अर्ज नाही. खडूच्या डब्यात हिचा जुना चष्मा निघाला. परत तिथेच ठेवला. आता हे असं चालणार नाही. मी बत्तीस वर्षं ऑफिसच्या आवक शाखेत काढली. आलेला कागद नोंदायचा, क्रमांक द्यायचा, फायलीत लावायचा. माझ्या टेबलावरून एक कागद हरवला नाही. पुढे तो कुठे जायचा ते जावक शाखेचं काम. तिकडे मी कधी नाक खुपसलं नाही.

नवीन रजिस्टर आणलं. तीन महिन्यांत वस्तीतलं प्रत्येक मूल वाचायला लागेल. अंदाज मुद्दाम कमी धरला आहे.

७ जानेवारी, सायंकाळी

वर्ग सुरू. सतरापैकी सतरा हजर. वेळेचं महत्त्व या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. मुलं एकदम गप्प. सगळ्यात धाकटीनं मध्येच विचारलं, बाई कधी येणार? बाकीच्यांनी तिला दटावलं. मी बोलणं चालू ठेवलं.

मुलं अक्षरं गाण्यात म्हणतात. बंद केलं. 'काका' म्हणतात. तेही बंद. 'सर' म्हणायचं.

हिच्या चपला अजून दाराशीच आहेत. मुलं पाय न लावता त्या ओलांडून आत आली. शिस्तीचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसतो.

१० जानेवारी

एक दहा वर्षांची मुलगी आहे. ही तिला टाचणी म्हणायची. अंगानं बारीक आणि बोलायला टोचरी. पाचाला पंधरा मिनिटं असतानाच येऊन बसते. माझं बोलणं चालू असताना शेजारच्या मुलाच्या पाटीवर काहीतरी गिरवून दाखवत होती. ताकीद दिली.

हिच्या वेळी आल्याआल्या प्रत्येकाला बिस्किट मिळायचं. चुकीची पद्धत, फुकटची सवय लागते. आता शेवटी, आणि ज्याची वही स्वच्छ त्यालाच. आज कुणी पात्र ठरलं नाही. टाचणी म्हणाली, "सर, मग तुमची वही दाखवा की." दुर्लक्ष केलं. बिस्किटं नरम पडू नयेत म्हणून चहाबरोबर मीच संपवली.

१५ जानेवारी

प्रवेश अर्ज वाटले होते. पालकांनी स्वतःच्या हातानं भरायचे. एकही भरून आला नाही. निरक्षरतेचं मूळ कारण हीच अनास्था.

हजर अकरा.

सायंकाळी टाचणीची आई आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी नाही. म्हणाली, बाईंनी शब्द दिला होता. एका निवासी शाळेची परीक्षा असते. पास झालं तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिकडेच. ही वर्षभर टाचणीची तयारी करून घेत होती म्हणे. आतल्या खोलीत मला काही ऐकू आलं नव्हतं. अर्ज शिक्षकामार्फत पाठवावा लागतो, मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. तो गेला नाही तर मुलीची मावशी तिला खोकी बांधायच्या कारखान्यात घेऊन जाणार. "तिनं तिकडे वय चौदा सांगून ठेवलंय. मी थांबवलंय कसंबसं."

मी सांगितलं, कागदाची काळजी सोडा. कागद हा माझा प्रांत.

तिनं हात जोडले. उगाच. अजून काही झालंही नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

मेहुणी आली होती. नर्स आहे, त्यामुळे बोलणंही सुईसारखं. हजेरीपट, अर्जांची फाईल, रजिस्टर सगळं दाखवलं. पानं उलटून म्हणाली, "भावोजी, ताई मुलांना शिकवायची. तुम्ही मुलांना फायलीला लावताय."

दुःखात माणसं बोलतात.

जाताना चपलांपाशी थांबली. आता उचला या, म्हणाली. मी सांगितलं, वर्गाला उपयोग होतो. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग डोळे पुसून गेली.

संकल्प : उद्यापासून प्रत्यक्ष वाचन सुरू.

२० जानेवारी

वाचन सुरू करता आलं नाही. पुस्तकांना कव्हरं आणि क्रमांक घालायचे राहिले होते.

२७ जानेवारी

हजर सहा. पट कमी झाला म्हणजे प्रत्येकाकडे लक्ष जास्त. होतकरू मुलं तेवढी टिकतात, निवड आपोआप होते आहे.

पेंटरकडून बोर्ड आला. 'स्मृती साक्षरता अभियान. संस्थापक-संचालक' आणि खाली माझं नाव. हिचंही घालायचं होतं, पण फळी लहान पडली. 'स्मृती'मध्ये ते येतंच. पेंटरनं विचारलं, कुणाची स्मृती? मी म्हटलं, घरातलीच.

३ फेब्रुवारी, सायंकाळी

गैरहजेरीचं कारण सापडलं. भंगाराच्या वखारीमागे भिंतीच्या आडोशाला टाचणी अकरा मुलांना घेऊन बसली होती. फाडलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं अक्षरं, आणि गाणं. तेच गाणं. हिची चाल. मी जरा वेळ भिंतीआड उभा राहिलो. चाल बरोबर होती.

पण संस्था एक असताना दुसरा वर्ग चालवणं गैर. तसं बजावलं. टाचणी म्हणाली, "सर, मग तुम्हीच या ना इकडे. इथं सगळे आहेत."

मी शांतपणे सांगितलं, अर्ज माझ्यामार्फत जायला हवा असेल तर हे बंद. तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा पुठ्ठ्याकडे बघितलं. मग पुठ्ठा दुमडून धाकटीच्या हातात दिला.

मुलांना योग्य पर्याय दिला की मुलं योग्य निर्णय घेतात.

४ फेब्रुवारी

वखारीमागचा वर्ग बंद झाल्यानं आज इथे सगळे सतरा येतील म्हणून बिस्किटांचे दोन पुडे जास्त आणले. हजर चार. बाकीचे कुठेच नव्हते, वखारीमागेही नाही. बघून आलो.

बिस्किटं टिकाऊ आहेत.

१० फेब्रुवारी

टाचणीनं अर्ज भरून आणला. स्वतःच्या अक्षरात. एक खाडाखोड नाही, फोटो सरळ चिकटवलेला, आईचा अंगठा बरोबर चौकटीत. खरं सांगायचं तर आमच्या ऑफिसात पदवीधरांचे कागद असे येत नसत.

एकच दोष. 'मार्गदर्शक शिक्षक' या रकान्यात तिनं हिचं नाव लिहिलं होतं. पूर्ण नाव. मला तो रकाना दोनदा वाचावा लागला.

समजावून सांगितलं की हयात नसलेल्या व्यक्तीचं नाव चालत नाही. ती म्हणाली, "पण शिकवलं बाईंनी." मी म्हटलं, नियम. खोडलेलंही चालत नाही. नवीन फॉर्म आण, फोटो यावरचा सोडवून त्यावर लाव.

हा फॉर्म रद्द करून स्वतंत्र ठेवला आहे. आतल्या खोलीत.

१३ फेब्रुवारी

टाचणी नवीन फॉर्म घेऊन आली. फॉर्म मिळतो ते परीक्षा केंद्र बसनं तिसऱ्या टप्प्यावर आहे. चालत गेली आणि चालत आली, असं धाकटीकडून कळलं. व्यायाम झाला.

तिकडच्या कारकुनानं म्हणे सांगितलं, पोरी, इथेच भर आणि इथेच दे, लांबून आलीस, सहीचं नंतर बघू. टाचणीनं उत्तर दिलं, नाही, आमचे सर आधी बघतात. ऐकून समाधान वाटलं. शिस्त भिनते आहे.

माझं नाव घातलं, सही केली, शिक्का मारला. रजिस्टरमध्ये नोंद : आवक क्रमांक एकेचाळीस. फाईल तीन. तिनं विचारलं, "सर, आता नक्की ना?" मी रजिस्टर फिरवून तिला नोंद दाखवली. तिनं बोट ठेवून वाचली आणि पहिल्यांदाच हसली. एक बिस्किट दिलं. तिनं मोडून अर्धं धाकटीला दिलं.

आजचा दिवस चांगला गेला. हिला सांगण्यासारखा.

२० फेब्रुवारी

हजर दोन. टाचणी आणि धाकटी. आकड्यांपेक्षा दर्जा महत्त्वाचा. एक विद्यार्थिनी परीक्षेला बसते म्हणजे निकाल पन्नास टक्के. कुठल्या संस्थेचा असतो?

आज वाचन सुरू करणार होतो. टाचणीच धाकटीला वाचून दाखवत होती, म्हणून मध्ये पडलो नाही.

१ मार्च

काल अर्जाची मुदत संपली. आपला पंधरा दिवस आधीच तयार होता. शेवटच्या क्षणी धावणाऱ्या लोकांची कीव येते.

८ मार्च

परीक्षा पुढच्या रविवारी, सोळाला. हॉल तिकीट आलेलं नाही. टाचणी आता सकाळीही दारात येऊन विचारून जाते. मी रजिस्टर बघून सांगतो, आवक नाही. ती मान हलवते आणि जाते. दारातून रस्त्यापर्यंत गणितं पुटपुटत.

केंद्राच्या दिरंगाईबद्दल कडक पत्र लिहिलं. 'विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी चाललेला हा खेळ' असं वाक्य घातलं आहे. नोंद केली, फायलीत लावलं. बघू काय उत्तर येतं.

१५ मार्च, सकाळी अकरा

मेहुणी आली. टाचणीसाठी पट्टी, दोन पेन्सिली आणि नवा फ्रॉक घेऊन. उद्या मी तिला केंद्रावर नेते, म्हणाली, हॉल तिकीट द्या. ते आलं नाही आणि चूक त्यांची आहे, हे मी सविस्तर सांगितलं. पुरावा म्हणून फाईल तीन उघडून समोर ठेवली.

ती अर्जाकडे बघत राहिली.

"भावोजी, हा इथे काय करतोय?"

मी म्हटलं, सुरक्षित आहे.

"पाठवला कुणी?"

प्रश्न मला नीट कळला नाही. तिनं पुन्हा विचारला.

१५ मार्च, दुपारी

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. अर्ज वेळेत आला. तपासला गेला. नोंद बिनचूक आहे. माझ्या बाजूनं काहीही राहिलेलं नाही.

पाठवणं हे वेगळं काम आहे. ऑफिसात ते समोरच्या टेबलाचं होतं. घरात पत्र मी लिहायचो, पाकीट बंद करून जेवायच्या टेबलावर ठेवायचो, आणि सकाळी ते तिथे नसायचं. कुठे जायचं ते कधी विचारलं नाही. ही बाजारात जाताना टाकत असणार.

दोन महिन्यांत लिहिलेली सगळी पत्रं फायलीत आहेत. मोजली. नऊ.

मेहुणी केंद्रावर जाऊन आली. तिकडे सांगितलं, पंधरा दिवस उशीर झाला. ती माझ्याशी एकच वाक्य बोलली : "त्या पोरीला तुम्ही सांगायचं. स्वतः."

१५ मार्च, सायंकाळी

सांगितलं. टाचणी पाचाला पंधरा मिनिटं असताना आली, केस चापून बसवलेले. मी म्हणालो, तुझा कागद तिकडे पोचला नाही.

हे खरंच आहे.

तिनं विचारलं, पुढच्या वर्षी? मी म्हणालो, वयाची अट आहे. ती धाकटीचा हात धरून निघाली. जाताना हिच्या चपला तिच्या पायानं सरकल्या. मुद्दाम की चुकून, सांगता येत नाही. सरळ केल्या.

१७ मार्च

हजर शून्य. परीक्षेनंतर एक दिवस सुट्टी असणं स्वाभाविक आहे.

१९ मार्च, सकाळी

टाचणी आली. मावशी खाली रस्त्यावर उभी होती, घाई करत होती. वाटलं, वर्गाचं विचारायला आली. पाच वाजता ये, असं मी आधीच सांगून टाकलं.

ती म्हणाली, "काका, माझा फॉर्म द्या."

'सर' नाही. दुरुस्त केलं नाही.

फॉर्म कशाला, विचारलं. त्यावर तिचा फोटो आहे. कारखान्याच्या गेट पासला लागतो, आणि तिच्याकडे दुसरा नाही. हिनं काढून दिला होता, एकच. फॉर्म माझ्याकडेच आहे हे तिला कसं कळलं, ते विचारलं नाही. मेहुणीनं सांगितलं असणार.

मी म्हणालो, संस्थेचा कागद असा देता येत नाही. नोंद करावी लागेल. ती म्हणाली, करा.

रजिस्टर उलटं फिरवलं, मागच्या कोऱ्या पानावर रकाने आखले. 'जावक' असं शीर्षक घातलं. रजिस्टरमध्ये हा शब्द मी स्वतःच्या हातानं पहिल्यांदा लिहिला. जावक क्रमांक एक. तारीख. विषय. मग पेन तिच्यासमोर धरलं, इथे सही कर.

तिनं पेनाकडे बघितलं. घेतलं नाही. टेबलावरचं शाईचं पॅड पुढे ओढलं, अंगठा दाबला आणि चौकटीत बरोबर उमटवला. हे पॅड मी पालकांसाठी आणून ठेवलं होतं.

तुला लिहिता येतं, म्हणालो. ती फॉर्म घडी करत होती. म्हणाली, "आता तिकडे हेच लागतं, काका. हात बसवून घेते."

गेली. चपला ओलांडून.

शेऱ्याचा रकाना राहिला आहे. बत्तीस वर्षांत एकही रिकामा सोडला नव्हता. दुपारपर्यंत बसलो, काही सुचलं नाही. आतल्या खोलीतून तो रद्द केलेला फॉर्म आणला. टाचणीच्या अक्षरात हिचं नाव आहे. घरात हिचं नाव असलेला तेवढाच कागद.

त्याला क्रमांक द्यायचा राहिला होता. आवक की जावक, ते ठरत नाही.