चौरंगावरचा जावई

गुर्जी, नात माजी सांगलीला शिकती, दुखऱ्या अंगाला व्यायाम देनारी डाक्टर व्हनार म्हनं. परवा सुट्टीला आली न् पाठीला तेल रगडता रगडता म्हनली, "आजे, मानंपासनं पाठीवर पसरल्यालं ह्ये चौकोनी मांस हाय न्हवं, त्याचं नाव ग्रीक लोकांच्या टेबलावरनं पडलंय. टेबल म्हंजे चार पायाचं." मी म्हनलं, "आगं, मग ह्यो आमचा चौरंगच की! चार अंगं त्यो चौरंग, गुर्जींनी शिकवलंय." ती हसली, आन् तिचा अंगठा माज्या खांद्यामागच्या मोडक्या खवाट्याव थांबला. "ह्ये कवाचं गं?"

लगीन होऊन वरीसबी झालं नव्हतं. मिल्ट्रीवालं मालक रजेवर आल्यालं. भाकरी करपली म्हनून चुलीतलं जळकं लाकूड उपसून पाठीत घातलं. मी तशीच दहिवडीकडं म्हायेराला आले. मागनं ते न्ह्यायला आले. आमच्यात रीत काय? जावयाला चौरंगावर बसवायचं, पोळी-तूप वाढायचं, लेकीची वटी भरायची आन् लावायची वाटंला. आई तांदूळ निवडतीया, माजा हात वर व्हईना. गावचं गुर्जी म्हनून तुमालाबी जेवाय बोलवल्यालं. तुमी शाळा सुटल्याव तसंच आलासा, काखंत फळ्यावरचा लाकडी गुण्या. माजा लुळा हात बघून मालकांना म्हनलासा, "पाव्हणं, कशावर बसलायसा?" "चौरंगाव की." "पूर्वी गुन्हेगाराचं दोन हात, दोन पाय तोडायचं, त्यालाबी चौरंगच म्हनायचं." मालक हसाय लागलं, तवर तुमी त्यांच्या खवाट्याव गुण्या असा हाणला, का त्याचं दोन तुकडं. तूप भिताडाव. बा वरडला, "आवं गुर्जी, जावाय हाय त्यो!" "व्हय, म्हनून एकच मारला. पोरीचा हात वर झाल्याबिगर ती जायाची न्हाई."

मी गेले ती दिवाळीनंतर. मालकांनी फिरून हात उचलला न्हाई. मरंपातूर जेवाय मातूर भुईवरच बसायचे, मी मुद्दाम चौरंग मांडला तरी.

पर गुर्जी, गुण्या मोडला तवा मला हसू आलं तसं भ्यावबी वाटलं. त्यो हात माज्या वळखीचा व्हता. सातवीत चौकोनाचा कर्ण चुकला म्हनून तुमी कानाखाली जाळ काढला, "कर्ण म्हंजे कान, आता ध्येनात ऱ्हाईल" म्हनलासा. ऱ्हायलं की. तवापासनं डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. तुमाला कोन इचारनार व्हतं? ह्ये पत्र काय धाडायचं न्हाई. नातीला तुमचं समदं चांगलंच सांगितलंय. कान कशानं गेला इचारलं, तर म्हनलं, वय झालं बाय.