चाकवताच्या वाफ्यावरची चिंधी

मु. कान्हे
ता. ११ डिसेंबर, गुरुवार

चि. सौ. वल्लरीस,

तुझ्या सासूचा पोटभर आशीर्वाद. राजेंद्रला पण, आन् माझ्या सृष्टीला गालावर दोन पापे. हितं आमी दोघं बरी आहोत. थंडीनं आबांचा गुडघा कुरकुरतो, आन् गुडघ्यापेक्षा आबा जास्त कुरकुरतात.

फोन असताना म्हातारीनं पत्र कशाला लिहिलं, असं म्हणशील. फोनवर मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस हो, आन् लगेच सृष्टीच्या हातात फोन देतेस. एवढी मोठी गोष्ट त्यात मावत न्हाई. माझी शाळा चौथीपर्यंतची, तवा अक्षर सांभाळून घे.

तर गोष्ट अशी की चाकवत उगवला.

आपला चाकवत. बाजारातला न्हाई. माझ्या सासूबाईंनी माहेराहून लुगड्याच्या गाठीत आणलेला, तळहाताएवढ्या पानाचा, शेंड्याला गुलाबी पीठ लावल्यासारखा. पाच वर्षांपूर्वी त्याचं बी आपल्या घरातून गेलं, ते कसं गेलं ते असू दे. पण तो परत आलाय. मी सोमवारपासून जमिनीवर न्हाई.

कसा आला ते ऐक. गाय विकल्यापासून गोठ्यामागचा उकिरडा तसाच पडून होता. औंदा आबा म्हणाले, एवढं सोन्यासारखं खत कुजून चाललंय, मेथीला घालू. सखारामला सांगून दोन वाफ्यांत पसरलं. वर मेथी टाकली. मेथी छान आली, शेजारी पालक, कडेनं शेपू. रविवारी लोणावळ्याला चाललेली गाडी बांधाशी थांबली, त्यातली बाई विचारती, "मावशी, हे गवत ऑरगॅनिक आहे का?" मी म्हटलं, बाई, हा शेपू आहे, तुला बाकी काय पायजे ते म्हण. तिनं चार जुड्या नेल्या आन् माझा फोटो पण नेला. माझ्या डोक्याला तेलसुद्धा न्हवतं.

कुटं गेले बघ. तर सोमवारी मेथी खुरपायला बसले. एक रोप उपटलं, दुसरं उपटलं, तण समजून बांधावर फेकलं. तिसऱ्याला खुरपं लावलं आन् हात जागच्या जागी थांबला. पान उलटं केलं. गुलाबी पीठ. बोटाला लागलं, वल्लरी, बोटाला. मी तितंच बसून आबांना हाका मारल्या, तर त्यांना वाटलं मला साप चावला. काठी घेऊन धावत आले, तो कुरकुरणारा गुडघा घेऊन. मग आमी दोघं चवड्यावर बसून मोजायला लागलो. सतरा रोपं. उपटलेली दोन मी परत लावली, पाणी घातलं, त्यातलं एक धरलंय. अठरा झाली.

दोन घरं सोडून राहणारे आपले गेणूभाऊ बघायला आले. म्हणाले, "वहिनी, तिकीट लावा आता." लावीन पण. यांनाच मी एकदा वाटीभर बी दिलं होतं, तर पेरायचं सोडून दिवाळीपर्यंत फडताळात ठेवलं आन् उंदरांना घातलं.

आबांचं एकच चाललंय, ताकातली भाजी कर. मी म्हटलं, अठरा झाडांना हात लावाल तर बघा. हे सगळं बियाण्याला राखायचं. राखायचं म्हटलं की काठी रोवायची आन् लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या वाफ्याला घरातल्या कुणीच विळा लावायचा न्हाई. तुला ही रीत ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मीच तुला शिकवली.

चिंधीचं पुढं लिहिते. आधी सांगते, मेथीच्या जुड्या औंदा लय भारी होताहेत, नंदाबाई सकाळच्या लोकलनं लोणावळ्याला नेती ती दुपारच्या आत मोकळी पाटी घेऊन परत.

लिहिते.

पाच वर्षांपूर्वी तू चाकवत कापलास, त्या दिवशी काठीला चिंधी न्हवती, वल्लरी.

तू आंधळी न्हाईस. चिंधी मी बांधलीच न्हवती. पाहुणे, हळदी, संक्रांतीचं वाण, त्या गडबडीत मी विसरले. काठी तेवढी रोवलेली. तू घरी येऊन म्हणालीस, "आई, चाकवत सगळा कापला. कोपऱ्यातला वाफा जून झाला होता, तो उकिरड्यावर टाकला." डब्यातलं सगळं बी मी त्याच साली पेरलेलं. आता गावाला काय सांगू, सासूबाईंचं बी माझ्या हातानं गेलं? मी मागल्या दारानं शेतात गेले. जुन्या लुगड्याचा काठ फाडला आन् काठीला बांधला. मग आबांना, गेणूभाऊंच्या बायकोला बोलावलं, तुला बोलावलं. सगळ्यांदेखत म्हणाले, एवढी लाल चिंधी लोणावळ्याच्या पोरीला दिसत न्हाई.

तू लय वेळ काठीकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मला खरंच दिसली नाही, आई. चुकलं माझं." आन् माझ्या पाया पडलीस. मी पडू दिलं.

दोन महिन्यांनी तुमी लोणावळ्यात तुंगार्लीला राहायला गेलात. सगळ्यांना मी सांगते, राजेंद्रची हॉटेलातली डूटी, येणंजाणं जमत न्हाई. पाच वर्षं तेच सांगते. तू सणाला येतेस, भांडी घासतेस, भाकरी करतेस, पण बांधाच्या आत पाय टाकत न्हाईस. ह्या दिवाळीत मी सृष्टीला म्हटलं, चल, मेथी खुडायला. तर आठ वर्षांची पोर म्हणती, "आज्जी, मी बांधावर बसते. मम्मी म्हणते, आपल्याला भाजीतलं दिसत नाही." त्या दिवसापासून मला घास गोड लागला न्हाई. तुझे डोळे काढले ते काढले, आता पोरीचे पण.

आन् बघ, तू उकिरड्यावर टाकलंस म्हणूनच ते बी राहिलं. तितंच पिकलं, तितंच झडलं, पाच वर्षं शेणात निजलं. चुलीत टाकलं असतंस तर आज अठरा झाडं कुटून आली असती?

काल आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. महिनाभर उन्हात राहिलेली चिंधी अशी कोरी असती व्हय?" मी म्हटलं, मग बोलला का न्हाई? म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो." थांबलेले पाच वर्षं. असा माणूस. पण मी कुणाला बोलायची?

आज सकाळी गेणूभाऊंच्या घरी गेले, ओसरीवर चार बाया बसलेल्या, त्यांच्यादेखत सांगितलं. त्यांची बायको म्हणाली, "दोन घरं ओलांडायला पाच वर्षं लागली व्हय, कस्तुराबाई?" मी म्हटलं, लागली. मग तिनं चहा टाकला.

नंदाबाईच्या पाटीत ही जुडी पाठवते. सगळ्या झाडांची मिळून मूठभर पानं खुडली, आबांना एक पण दिलं न्हाई. ताकात कर, हरभऱ्याची डाळ आन् दाणे घाल, सृष्टीला गुलाबी पीठ दाखव. तिला बरोब्बर दिसेल.

जुडी सुतळीनं बांधली न्हाई, ती तीच चिंधी आहे. पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, टाकवली न्हाई. सोडशील तवा फेकू नकोस. वाफ्यात काठी रोवून ठेवली आहे, उघडीच. कुठली झाडं बियाण्याला राखायची ते तू निवडायचं आन् चिंधी तू बांधायची. रविवारी ये, न्हाईतर त्याच्या पुढल्या रविवारी. तवर मी विळा घरातच ठेवते. न्हाई आलीस तरी तुला बोल लावणार न्हाई, कुणाला लावू पण देणार न्हाई.

पत्राखाली चूकभूल द्यावी घ्यावी, असं लिहायची रीत आहे. माझी चूक मी पाच वर्षं तुझ्याकडं देऊन ठेवली होती. ती आज परत घेते.

कस्तुरा