मिल रस्त्यावरची माती

हॅलोवे, ९ सप्टेंबर १९९३

चि. नोरीनला बाबाचे आशीर्वाद, आणि सोबत थोडी चिडचिड.

राष्ट्राध्यक्षांनी पर्यावरण खात्याच्या मोठ्या जागेसाठी तुझं नाव मार्चमध्ये दिलं. मेमध्ये समितीनं मान डोलावली. मग सिनेट मत द्यायला मुहूर्त कसला बघतंय? नाश्त्याच्या हॉटेलात जो तो विचारतो, तुमची साहेबीण खुर्चीत बसली का? वैतागून मी आता पॅनकेक घरीच करतो. करपतात.

तुझ्या बहिणीची काळजी वाटते. तिच्या पोरीच्या, केलीनच्या, रक्तातलं शिसं पुन्हा वाढलं. डॉक्टर म्हणतात, पोरीला अंगणात सोडू नका. तीन वर्षांची पोर, जाळीच्या दाराला नाक लावून बसते. आपल्या मिल रस्त्यावरची जस्ताच्या भट्टीची विषारी माती तुझ्या त्या खात्यानं हॉब्जच्या घरापर्यंत खणून नेली आणि यंत्रं गायब. आपलं अंगण त्यापुढे तिसरं. मी आपल्या सिनेटरला खरमरीत पत्र धाडलंय. तुला दाखवलं नाही, तू चुका काढत बसली असतीस.

तुला अडवणारा कोण टोणगा आहे, त्याचं नाव कळव.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर धाड.
तुझा बाबा, व्हर्लिन

वॉशिंग्टन, २१ सप्टेंबर

ती. बाबांस नोरीनचा सा. न. वि. वि.

इथे एका सदस्यानं हरकत घेतली की अख्खं सभागृह थांबतं, आणि त्याला स्वतःचं नावही सांगावं लागत नाही. सहा महिने मी भाड्याच्या खोलीत बसून आहे. जुनी नोकरी सोडली, नवी मिळेना. नेमणूक होईपर्यंत चारचौघांत तोंड उघडायचं नाही, हा इथला रिवाज. तुम्हाला ठाऊक आहे, मला गप्प बसणं किती जमतं.

काल नाव कळलं. टोणगा आपलाच आहे, बाबा. आपल्या सिनेटरनं खात्याला बजावलंय, मिल रस्त्याच्या खणाईची तारीख द्या, तोवर तुमचा एकही माणूस मंजूर होऊ देणार नाही. माझ्यासकट पाच जण अडकलेत. कारण म्हणून त्यानं खात्याला एक पत्र दाखवलं. त्यात जाळीच्या दाराशी बसणारी एक नात आहे.

रागावले नाही. म्हणजे, थोडी रागावले.
तुमची नोरीन

हॅलोवे, २ ऑक्टोबर

चि. नोरीन, आशीर्वाद.

आठ दिवस धड जेवलो नाही. पोरीच्या पायात मीच दोरी बांधली आणि वर शिव्या दुसऱ्याला देत बसलो. परवा सिनेटरच्या इथल्या कचेरीत गेलो. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "तक्रार मागे घेतो असं लिहून द्या, साहेबांना अडवायला कारणच उरणार नाही."

लिहिलंय. सहीही केली. पाकीट कोटाच्या खिशात घेऊन दोनदा टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. तुझ्या बहिणीला अजून बोललो नाही, हिंमत होत नाही. तुला खुर्ची मिळाली तर आपली माती तूच उचलशील ना? तू टाक म्हणालीस की टाकतो.

तुझ्या एका शब्दाची वाट पाहणारा,
बाबा

वॉशिंग्टन, १२ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.

आपली माती मला उचलता येणार नाही. घरच्यांचा फायदा केला असं कुणी म्हणू नये म्हणून घरच्या गावाच्या कागदावर सही करणार नाही, असं मी समितीला लिहून दिलंय. खुर्चीत बसून सगळ्या देशाचं बघेन आणि मिल रस्त्याकडे पाठ फिरवेन. ते पाकीट फाडा.

पण हे मला लगेच सुचलं असं समजू नका. तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी पाकीट टाका असं सांगायला फोन उचलला होता. तुमचा नंबर पूर्ण फिरवला. पलीकडे केलीननं उचलला, आणि मी एक शब्द न बोलता खाली ठेवला. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशीही हात फोनकडे जातच होता. म्हणून आज सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत जाऊन मी नाव मागे घेतलं. बाकी चौघं अडकलेलीच आहेत, खात्याला तारीख द्यावीच लागेल.

शनिवारी घरी येतेय. आता मला गप्प बसायची सक्ती नाही. सोमवारी केलीनला कडेवर घेऊन खात्याच्या तिथल्या कचेरीत जाईन आणि तिच्या रक्ताचे आकडे मोठ्यानं वाचेन.

माया असू द्या.
तुमची नोरीन