धक्क्यावरची रिकामी बोट

आईला मोहितचा गोव्याहून नमस्कार.

फोनवर बोलताना सावळेरामदादा तुझ्या शेजारीच उभा असतो, म्हणून लिहितोय. हे रुपालीताईकडूनच वाचून घे, दादाकडून नको.

मी मजेत हाय. दोन टाइम मासे-भात मिळतो. हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी धक्क्याला बांधायच्या, एवढंच काम. बोटी लई झाल्यात, जागा न्हाई. काल एक म्हातारं जोडपं जागेसाठी दिवसभर बोट फिरवत व्हतं. शेवटी लांब खाडीत नांगर टाकून बसलं.

आणि इथं धक्क्यावर एक निळी बोट तीन वर्षं बांधलेली हाय. तिला शीड न्हाई, बुडाला शेवाळ चढलंय. मालक कुणी बघितला न्हाई. साहेब म्हणतात, "तात्पुरती लावलीय." मी काय ते वळखलं. टँकर यायच्या आधी तू फुटका हंडा रांगेत ठेवून घरी यायचीस ना, तसलाच हा हंडा. कुणासाठी तरी जागा धरलीय.

तुझा गुडघा कसा हाय? उरलेला भात झोडून झाला का?

परवा तू म्हणालीस, दादानं माझ्या खोलीत भाताची पोती ठेवलीत, तात्पुरती. माझा दादावर संशय न्हाई. पण पोत्यांमागं त्यानं स्वतःची कॉट लावलीय का, तेवढं बघ.

सोबत माझा शर्ट पाठवतोय. धुऊ नको. तसाच खोलीतल्या खुंटीला टांग. कुणी विचारलं तर सांग, मोहित आत्ता येतोय.

तुझा धाकटा,
मोहित