ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं

प्रिय श्रेया,

तू हसशील, पण रेल्वेतून निवृत्त झालेला तुझा बाप हल्ली झाशीच्या दुकानांत फेसवॉशच्या बाटल्या उलट्या करून वाचत उभा असतो. परवा खंडेराव गेटजवळचा दुकानदार म्हणाला, "बाबूजी, इसमें केसर है, चंदन है." मी म्हटलं, "भैया, वो तो सामने लिखा है. पीछे क्या है, ज़रा पढ़ने दीजिए."

हे वेड तुझ्या आईमुळे लागलं. तुझं लग्न ठरल्यावर तिने दतिया गेटच्या बाजारातून गोरेपणाची एक क्रीम आणली. बंगळुरूच्या व्याह्यांसमोर नीट दिसायला हवं, एवढंच मनात. ट्यूबवर नटीचा फोटो होता, आत काय घातलंय त्याचा मात्र पत्ता नाही. सुरुवातीला चेहरा उजळला. मग गाल लालबुंद झाले, पुरळ उठलं, गॅसपाशी उभं राहिलं तरी आग व्हायची. मळ राहतोय असं समजून ती खूप फेस येणाऱ्या साबणाने पुन्हापुन्हा तोंड धुवायची आणि आणखी सोलवटायची.

शेवटी मी तिला जवळजवळ ओढतच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "माताजी, इसमें स्टेरॉइड लगता है. अब बंद कीजिए, और थोड़ा सब्र रखिए." आई तिथेच रडली. बाईंनी तिचा हात धरला आणि सौम्य, सल्फेट नसलेलं, वास नसलेलं फेसवॉश लिहून दिलं.

म्हणून मी चष्मा लावून शिकलो. घटकांत जे जास्त, त्याचं नाव आधी. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. कडक सल्फेट फेस भरपूर आणतं, पण त्वचेचं तेलही काढून नेतं. 'सुगंध' या एका शब्दाआड किती काय असतं, ते कुणी लिहीत नाही. सॅलिसिलिक ॲसिड तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला बरं. आईच्या भाजलेल्या गालांना नको. आईला हे सगळं वाचून दाखवायचो तेव्हा ती म्हणायची, "एवढा अभ्यास खात्याच्या परीक्षेला केला असता तर!" बऱ्याच दिवसांनी ती थट्टा करत होती, मला तेवढंच पुरे होतं.

बरं व्हायला महिने गेले. आता आग नाही, गाल तिचे तिला परत मिळालेत. जुना सावळा रंगही परतला, आणि खरं सांगू, मला तोच आवडतो. मागच्या आठवड्यात ती गणेश मंदिरात हळदीकुंकवाला गेली, तोंडावर पदर न ओढता.

काल जेवताना तीच म्हणाली, "आता श्रेयाला लिहा. फोनवर मला बोलता येणार नाही." इतके दिवस तिने माझं तोंड बंद ठेवलं होतं. बेटा, आई तुझ्या लग्नाला आली नाही, त्याचं कारण कंबरदुखी नव्हतं. व्हिडिओवर ती समोर यायची नाही, तेही रागाने नव्हे. आपल्याला न विचारता नीरजला निवडलंस म्हणून आई तोंड फिरवून बसली, असं तुला वाटत राहिलं. तुझ्या आवाजातून मला ते कळायचं. ती फक्त तोंड लपवत होती गं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय. आत्ता ती स्वयंपाकघरात जावयासाठी अनारशाचे तांदूळ भिजत घालतेय, आणि नीरजला गोड चालतं का हे विचारायला मला दोनदा बजावून गेलीय.

तुझेच,
बाबा